चिकटवलेलं शेवटचं पान

प्रिय कडकबाई हिला,

दुकानातल्या दोन इस्त्रीटेबलांपैकी जे चालू आहे तिथून सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? नात रात्री झोपू देते का? लेकीला आशीर्वाद, आणि जावईबापूंचे शर्ट तूच इस्त्री करत असशील तर तसं कळव, म्हणजे मला चिडायला विषय मिळेल.

तू पाठवलेली कादंबरी पोचली. केवढीशी ती! बघून जीव भांड्यात पडला, पण सोबतची चिठ्ठी वाचून पुन्हा बाहेर आला. म्हणे, ‘लेक म्हणते कायमची इथेच राहा. तू आधी हे पूर्ण वाच, शेवट कसा वाटला ते कळव, मग मी काय ते ठरवते!’ अगं, बाळंतपणाला म्हणून गेलीस ना? आणि मी शेवटचं पान आधी वाचते हे माहीत असून (कोण जगणार, कोण जाणार हे कळल्याशिवाय माझं चित्त लागत नाही) तू ते खळ लावून मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलंस. तीही आपल्याच दुकानातली खळ. वासावरून ओळखली.

मग काय, धरलं पुस्तक इस्त्रीच्या वाफेवर. पान सुटायला लागलं, पण त्याच्या आधी बाकीचं पुस्तकच सुटलं. सगळी पानं हातात! तेवढ्यात बँकेतल्या कॅशियरबाई आल्या, म्हणून लाजेकाजेस्तव मी पानं रद्दीच्या गठ्ठ्यात सरकवली. आमचे हे (निवृत्त झाल्यापासून मला मदत करतात, म्हणजे माझी कामं वाढवतात) शर्टाची घडी ताठ राहावी म्हणून आत रद्दीचा कागद घालतात, ते तुला ठाऊकच आहे. न बघता घालतात, हेही ठाऊक आहे. संध्याकाळपर्यंत तुझी कादंबरी अख्ख्या गल्लीच्या शर्टांत जाऊन बसली.

मी ह्यांना काय काय बोलले ते लिहीत नाही, पोस्टमन सज्जन आहे. पण दुसऱ्या दिवशी कॅशियरबाई परत आल्या. वाटलं, आता भांडणार. तर त्या विचारतात, ती रुसून निघून गेली, पुढे काय झालं? मागोमाग ड्रायव्हिंग शिकवणारी आली, तिच्याकडे रुसण्याच्या आधीचं पान! आता दुपारी दोघी तुझ्या टेबलापाशी बसतात, जी पानं परत येतील ती लावून आम्ही मोठ्याने वाचतो. पुस्तक मला सुरुवातीला मुळीच आवडलं नाही. त्यातल्या दोघी मैत्रिणी पानंच्या पानं नुसत्या खिडकीतून बघत बसतात. तेवढ्या वेळात आपण दोघी भांडून, अबोला धरून, परत एका डब्यात जेवलो असतो. पण मग एक जण गाव सोडून जाते, आणि दुसरी बाकावर बसताना अजून कडेलाच बसते, तिची जागा मोकळी ठेवून. तिथे मी पान ड्रायव्हिंगवालीच्या हातात दिलं. पुढचं तिने वाचलं. कारण तुझी इस्त्री मी रोज पुसते गं. ह्यांनी एकदा त्या टेबलावर चष्मा ठेवला, तर मी घर डोक्यावर घेतलं.

शेवटचं पान मात्र आलेलंच नाही. म्हणजे ती परत येते की नाही, मला माहीत नाही. मग शेवट कसा वाटला, हे काय कपाळ कळवू?

तुझीच,
चुरगळलेली

ता. क. लेकीकडेच राहायचं ठरवलंस तरी मी अजिबात रागावणार नाही. (धादांत खोटं आहे हे.)

ता. क. पाकीट चिकटवणार एवढ्यात ह्यांनी घरचा शर्ट उलगडला आणि आतून शेवटचं पान पडलं. इतके दिवस आमच्याच कपाटात! तुझ्या टेबलावर पालथं ठेवलंय, वर तुझी इस्त्री ठेवलीय. जन्मात पहिल्यांदा शेवट हाताशी आहे आणि मी वाचलेला नाही. तू इथे आलीस की मगच मी तो वाचणार आणि कसा वाटला ते सांगणार. गाडी कधीची ते कळव, मी घ्यायला येते.