आईच्या कानातले बोळे

दादा,

ऐक, आज आईने कानातले कापसाचे बोळे काढले! पंधरा वर्षं आपलं हेवी मेटल घरात दणाणायचं आणि ती बोळे घालून स्वयंपाक करायची. आज स्वतःहून काढले आणि माझ्या खोलीत येऊन बसली!

झालं काय, महिन्यापूर्वी मी रेकॉर्डिंग चालू ठेवून, गिटार अ‍ॅम्पच्या स्पीकरला टेकवून चहाला गेलो. बंद करायचं विसरलोच. परत येतो तर तारा आपल्या आपणच घुमत होत्या, संथ, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारख्या. अरे, अंगावर काटा आला! तेव्हापासून मी तेच करतोय. एक सूर छेडायचा आणि तो विरेपर्यंत तारांना हात लावायचा नाही. मी, ज्याला तू भोंगा म्हणायचास!

एक सांगायचं राहिलंय. आपल्या शेवटच्या कार्यक्रमात तुझे ड्रम कुणालाच ऐकू आले नाहीत, ती साउंडवाल्याची चूक नव्हती. अ‍ॅम्पचा आवाज मीच वाढवला होता, मुद्दाम. तू बँड सोडून गेलास आणि मी चार वर्षं त्या बिचाऱ्याच्या नावाने खडे फोडतोय.

आई डोळे मिटून ऐकत होती. मधेच म्हणाली, "छान आहे रे. पण सारखा थांबतोस कुणासाठी? थोरल्यासाठी?"

मी म्हटलं, "छे गं, हे संगीत असंच असतं."

हे पत्र खिशातच राहणार, माझी हिंमत मला ठाऊक आहे. पण तुझ्या ड्रमवरची चादर मात्र आज काढली.

तुझा, आवाज उतरलेला,
भोंगा