पाच सुती वस्तरा

३ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी पुन्हा मागच्या गल्लीने गेलो. पुढच्या रस्त्याला सलूनवाला गुड्डूभाई बाहेरच खुर्ची टाकून बसलेला असतो. त्याने माझ्या दाढीकडे बोट दाखवून चार लोकांत सांगून ठेवलंय, "बच्चा होने दो, ये जंगल मैं काटूंगा, फ्री में." त्याला अजून कोणी काही सांगितलेलं नाही. मी तर नाहीच सांगणार. काशीमीऱ्याची शेअर रिक्षा पकडायला लांबचा वळसा पडतो. पडू दे.

जेवताना आई म्हणाली, "काढून टाक रे ती आता. बरं दिसत नाही." हिनेच ठेवायला लावली होती. आमच्या घरात बायको पोटुशी असली की नवरा दाढीला हात लावत नाही. सायलीला सुरुवातीला हसू आवरायचं नाही. "दोघांचंही वाढतंय," म्हणायची. आणि आता म्हणे बरं दिसत नाही. ताटावरून उठलो. मागून वाईट वाटलं. आईचीही नातच होती ती.

५ फेब्रु., गुरु.

सायली हॉस्पिटलमधून थेट वसईला, माहेरी गेली ती तिकडेच. मेसेज केला, 'जेवलीस?' उत्तर, 'हो'. बस. ही बाई भाजीवाल्याशी झालेलं भांडण दहा मेसेजमध्ये सांगायची.

प्लास्टिकच्या रेझरने गळ्याजवळ करून बघितलं. केस अडकले, डोळ्यांत पाणी आलं, फेकून दिलं.

ऑफिसात लंचला वस्तऱ्याचे व्हिडिओ बघत बसलो. एक म्हातारा सांगत होता, वस्तरा हातात असताना दुसरा विचार मनात आणू नका, आणलात की कापलंच. मला नेमकं तेच पाहिजे. दहा मिनिटं का होईना, दुसरा विचार नको.

७ फेब्रु., शनि.

केबिन रोड. सलूनच्या सामानाचं दुकान, नवरा-बायको चालवतात. खरा वस्तरा दाखवा म्हटलं तर शेठ माझ्याकडेच बघायला लागला. "असली उस्तरा? अब कौन लेता है?" आणि अर्धं ब्लेड घालायचा तो पुढे सरकवला. काम झालं की ब्लेड फेका, नवीन घाला. नको म्हटलं. फेकायचं काहीच नकोय मला आता. धार लावावी लागेल, पुसावं लागेल, निगा राखावी लागेल असलं काहीतरी हवंय. पण हे दुकानात कुणाला सांगणार?

मग वरच्या फळीवरून खोका काढला. तीन होते. एक रुंद आणि जड, टोक चौकोनी. हातात घेतल्यावरच भीती वाटली. एक नक्षीच्या मुठीचा, बघायला सुरेख, धारेच्या नावाने शून्य. तिसरा पाच सुती, म्हणजे पातं पाच सूत रुंद, काळी साधी मूठ, टोक गोल. व्हिडिओतल्या म्हाताऱ्याने नवशिक्याला हाच सांगितला होता, गोल टोक रुतत नाही म्हणून. तो घेतला. धार घासण्याचा चामड्याचा पट्टा मी जाड, भारीतला बघत होतो. गल्ल्यावरून शेठाणी म्हणाली, "पहला पट्टा सस्ता लो भाई, कटनेवालाच है." स्वस्तातला घेतला.

पिशवी देताना तिने माझ्या दाढीकडे नीट बघितलं. "घर में बेबी आनेवाला है क्या?"

मी हो म्हणालो.

का म्हणालो? तोंडातून गेलं. ती एवढी खूश झाली की पिशवीत तुरटीचा खडा टाकला, "हमारी तरफ से." दुकानाच्या बाहेर येऊन एका बंद शटरपाशी किती वेळ तरी उभा होतो. कुणीतरी विचारलं आणि मला हो म्हणता आलं, त्याचं बरं वाटत होतं. लाज पण वाटत होती.

८ फेब्रु., रवि.

पट्टा खिडकीच्या ग्रीलला बांधला. नियम साधा आहे. वस्तऱ्याची पाठ पुढे, धार मागे, आणि परत येताना पाठीवरच उलटायचा. जाताना बरोबर गेला. येताना उलटायला विसरलो, धार पुढे. पट्ट्याला बोटभर चीर. शेठाणीची जीभ काळी आहे.

आई स्वयंपाकघरातून, "काय फाटलं रे?" काही नाही म्हटलं.

११ फेब्रु., बुध.

सायलीचा फोन आला. स्वतःहून. मी स्पीकरवर टाकून पट्टा घासत होतो.

"कसला आवाज येतोय?"

सांगितलं. 

"काढणार आहेस?"

"आई म्हणते..."

"आईंचं सोड. तू?"

माहीत नाही म्हटलं. मग ती बोलायला लागली. म्हणाली, जन्माआधी काही घ्यायचं नाही म्हणून आपण काही घेतलंच नाही. टोपडं नाही, दुपटं नाही, खुळखुळा नाही. घरी आले तर हातात घ्यायलासुद्धा काही नाही रे. तिच्याएवढी म्हणून आपल्याकडे फक्त तुझी दाढी आहे.

माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं. मी सलूनवाल्याला टाळत होतो, आईवर चिडत होतो, आणि ही तिकडे वसईत बसून...

दोघंही रडलो. हॉस्पिटलमध्येसुद्धा एकत्र रडलो नव्हतो. आईने टीव्हीचा आवाज वाढवला, आमचं रडणं तिला ऐकू येऊ नये म्हणून की तिचं आम्हाला, कोण जाणे.

फोन ठेवताना सायली म्हणाली, "मी येईपर्यंत थांब."

१६ फेब्रु., सोम.

पट्ट्यावर हात बसतोय. चिरेच्या वरच्या भागातच घासतो. दाढीला हात लावलेला नाही. सायली कधी येणार ते बोलली नाही.

२२ फेब्रु., रवि.

सकाळी आली. एकच बॅग. वाळलीय. आईने तिचं तोंड कुरवाळलं.

एवढ्या दाढीला एकदम वस्तरा लागत नाही, आधी कात्रीने कमी करायची. ते मी करते म्हणाली. पलंगावर बसली, जुनी ओढणी मांडीवर पसरली, मला खाली पाटावर बसवलं. डोकं तिच्या मांडीला टेकवलं. ती एकेक झुपका बोटात धरून कापायची आणि ओढणीवर ठेवायची. एकही केस खाली पडू दिला नाही. जावळ काढताना बाळाला असंच मांडीवर धरतात. आईच्याही ते लक्षात आलं असणार. दारापर्यंत आली, बघितलं, पदर तोंडाला लावून आत गेली.

उजवी बाजू झाली. उठून आरशासमोर वस्तरा चालवला. खरंच दुसरा विचार आला नाही. शेवटी हनुवटीपाशी आला आणि तिथेच कापलं. तुरटी लावली, झोंबली. गालाला कितीतरी महिन्यांनी वारा लागला. सायलीने बोट फिरवून बघितलं आणि हात काढून घेतला.

पुन्हा पाटावर बसलो, डाव्या बाजूसाठी. कात्री उचलली तिने. नुसती धरून बसली.

"ही राहू दे," म्हणाली.

"अशी अर्धी? उद्या ऑफिस आहे."

"सुट्टी टाक."

"किती दिवस?"

"मला काय माहीत."

ओढणीची चारी टोकं बांधून तिने गाठोडं केलं. आतले केस मुठीत मावतील एवढेच. आणि बॅगेवर ठेवलं. मला वाटलं निघाली. पण कपाट उघडून तिने खालचा कप्पा ओढला. बाळाचं सामान नंतर घेऊ म्हणून आम्ही तो रिकामा ठेवला होता. रिकामाच आहे. थोडा वेळ बघत उभी राहिली. मग तो तसाच उघडा ठेवून चहा टाकायला गेली.

आतून कपांचा आवाज येतोय. गाठोडं अजून बॅगेवरच आहे.