आंब्याच्या ढोलीत हात घालू नका

अहो,

शेतावरून आलात की आधी हे वाचा, मगच बागेत जा. आंब्याच्या ढोलीत दयाळाची पिलं आहेत ना, तिथे साप शिरला आहे. दुपारी नर-मादी दोघंही ढोलीपाशी जिवाच्या आकांताने ओरडत होती. पिलू अडकलं असेल म्हणून रूथने आत हात घातला आणि किंचाळली. बोटावर दोन ठिपके आहेत. मला नुसती शेपटी दिसली. नाग होता की साधा, सांगता येत नाही. ढोलीच्या तोंडात पोतं कोंबलं आहे, ते काढू नका. पिलांचं आता काही करता येणार नाही.

आमश्याभाऊंच्या गाडीतून तिला नवापूरच्या दवाखान्यात नेते आहे. मार्था पारुबाईंकडे आहे, तिला दूध पाजा. पिलं हातात घ्यायला रूथला तुम्हीच शिकवलंत, पण हे मी रागाने लिहीत नाही. "बाबांना सांग, मी रडले नाही," असं ती म्हणते.

गाडी दारात आली. रूथ विचारते आहे, "आई, थोडी झोपू का?" मी तिला झोपू देणार नाही. तुम्ही मागोमाग धावत या.

सुसाना