तिसऱ्यांदा विचारण्याआधीचं पाणी

अण्णा, परवा लिलावात घेतलेला औषध फवारायचा ब्लोअर आपला नाही. आज सकाळी विकणाऱ्या मुलाच्या आईनेच फोनवर सांगितलं. "शेडात होता म्हणून आमचा झाला का? तिनं ठेवायला दिला होता," म्हणाल्या. ती म्हणजे त्यांच्या शेजारचा मळा वाट्याने करणारी बाई. पेठकडून द्राक्षाच्या कामाला यायची, मग पिंपळगावलाच राहिली. भाड्याच्या ट्रॅक्टरला ब्लोअर जोडून लोकांच्या बागा फवारून देते, त्यावर तिचं घर चालतं. या मुलाचे वडील गेले, त्याने बाग काढली आणि नाशिकला निघताना शेडातलं सगळं वडिलांचंच समजून लिलावात मांडलं. मुद्दाम केलं नाही. ट्रॅक्टरला आरसी असते, ब्लोअरला दुकानाचं बिल, आणि ते कोण जपून ठेवतं?

विंचूरला कांद्याचे लिलाव पुकारून तुमचा घसा बसायचा, तरी सुटीच्या दिवशी कोणी जुनी अवजारं विकायला काढली की तुम्हालाच बोलावणं यायचं. मी हट्टाने मागे लागायचे. एका खळ्यातला दिवस अजून तसाच दिसतो. पाभर, कोळपी, डिझेल इंजिन ओळीने मांडलंय. तुम्ही इंजिनावर हात ठेवून विचारता, "यात कोणाचं काही आहे का?" थांबता, पुन्हा विचारता. मग तांब्या उचलून सावकाश पाणी पिता. मागून कोणीतरी ओरडतं, "अण्णा, हिर आटंल, पण तुमचा लिलाव नाय सुरू व्हायचा!" सगळे हसतात, तुम्हीही हसता, मिशी पुसता आणि तिसऱ्यांदा विचारता. तेव्हा कुठे कडेचा एक म्हातारा पुढे येतो. "इंजिनाचा पट्टा माझा हाय. उसना दिला व्हता." तुम्ही पट्टा उतरवून त्याच्या खांद्यावर टाकता आणि मगच बोली सुरू करता.

त्याच दिवशी मी पाभरीकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणाले होते, "केवढा गंज चढलाय!" तुम्ही तिथे काही बोलला नाहीत. घरी आल्यावर, आई भाकरी थापत असताना, समोर बसवून म्हणालात, "विकणाऱ्यादेखत वस्तूला नावं ठेवायची नाहीत. तिच्यासोबत त्याची उमर गेलीय. दोष दिसला तर त्याच्या कानात सांग आणि बोली कमी लाव." मी रडवेली झाले, म्हणून आईने विषय बदलला, "आणि तुम्हाला एवढी तहान कशी लागते हो?" तुम्ही म्हणालात, "तहान कसली? लाजऱ्या माणसाला पुढे यायला दोन घोट लागतात."

परवाचा पुकारणारा तरुण पोरगा होता. हातात माइक, बोलण्यात झपाटा. कोणाचं काही आहे का, हे त्याने एकदाही विचारलं नाही. माझी बोली दोन मिनिटांत पक्की झाली. छाटणी उरकली आहे, आपल्या बागेला फवारणी हवीच होती, म्हणून मी खुशीत होते. काल ती बाई फाटकाशी आली. "ताई, ब्लोअर माझा हाय."

"मग तिथेच का नाही बोललात?"

"एवढ्या मान्सांत कसं बोलू? आन कोणी इचारलंच नाय."

मुलाला कळल्यावर तो बिचारा ओशाळला. पैसे परत देतोय. आज त्यांच्या शेडात भेटला तेव्हा म्हणाला, "मावशी, उरलेलं सामान रविवारी लिलावात काढायचंय. या वेळी विचारायचं काम तुमचं." मी कबूल केलं, पण तांब्या हवा म्हणाले. शेजारी उभा असलेला माइकवाला हसला, "मावशी, पाण्याची बाटली चालंल का?" चालेल म्हटलं, पण सावकाश प्यायची.

उद्या सकाळी ती ट्रॅक्टर घेऊन ब्लोअर न्यायला येणार आहे. "पहिली फवारणी तुमच्याच बागंला करते, ताई. दुसरं कोणी असतं तर दिला नसता," असं आज दुपारी म्हणून गेली, आणि तेव्हापासून मला चैन नाही. वर्तमानपत्रात इतकी वर्षं काढली, बातमी अर्धी देऊ नये हे इतरांना शिकवलं, आणि तिला मी अर्धीच सांगितली आहे. परवा बोली सुरू होण्याआधी मी तिला पाहिलं होतं, अण्णा. ब्लोअरच्या टाकीवर हात ठेवून उभी होती, तुम्ही इंजिनावर ठेवायचात तसा. तो पोरगा विचारत नाहीये, हे त्या सगळ्या गर्दीत फक्त माझ्या ध्यानात आलं असेल. कोणी विचारायच्या आत आपला करून टाकावा, म्हणून मी घाईने आकडा चढवला.

तुम्हाला हे सांगणं सोपं आहे; तुम्ही आता नाही, हा कागद वहीतच राहणार. उद्या ती आली की आधी तिला पाणी देईन, माझ्यासाठीही एक तांब्या भरून घेईन. दोन घोटांत जमेल असं वाटतंय.