माझ्या नावावरचे पॉइंट

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

आयतं दुखणं घरात आणून बसवलं ह्या पोरीनं!

बहीण तारामती परंड्याहून ओवाळायला आली. दरवर्षीप्रमाणं आधी भिंतीपलीकडं थोरल्या रामलिंगाला ओवाळलं, मग इकडं मला. एकाच अंगणात मधी भिंत घालून आम्ही दोघं भाऊ राहतो, आणि बोलत न्हाय. आईचं वर्षश्राद्ध कोणाच्या घरी घालायचं यावरनं बिनसलं. दोघांनीबी एकाच दिवशी घातलं, निम्मं धाराशिव दोन्हीकडं जेवून गेलं. तेव्हापासनं बोलणं बंद.

तर तारामतीची प्रतीक्षा. पुण्यात औषधांचं शिकती. माझ्या कम्प्युटरवर काहीतरी चढवून गेली. नवीन औषध शोधायला एवढा मोठा हिशेब लागतो म्हणे की एका मशीनला जन्मात व्हायचा न्हाय. मग त्याचे तुकडे करून घराघरांतल्या कम्प्युटरला वाटून देतेत. तुकडा पुरा करून परत पाठवला की आपल्या नावावर पॉइंट. "मामा, बसल्या जागी रोग्यांच्या उपयोगी पडताल!" मी म्हणलं, बरं, पडतो.

ती गेल्यावर बायकोनं, मथुरानं सांगितलं, पलीकडंबी हेच चढवलंय. आणि दोघा भावांना एकाच टीममधी घातलंय! विचारलं तरी का मला?

५ नोव्हेंबर

सगळं इंग्रजीत. आणि आतला पंखा गिरणीसारखा घोंगावायला लागला. मथुरा म्हणाली, "अहो, पेटंल ते!" बायकोला धीर दिला, पण घाबरलो मीबी.

शेवटी सेटिंग सापडलं. काम कधी करायचं — कायम, का कोणी मशीन वापरत नसंल तेव्हाच? दुसरं निवडलं. आपण बसलेलो असताना त्यानं मधी लुडबुड कशाला करावी? पंखा लगेच गप. हात्तिच्या, एवढंच होतं!

८ नोव्हेंबर

टीमचं पान उघडलं. रामलिंग — हजारांत. वैजनाथ — शून्य.

शून्य!!

त्याचं मशीन म्हणजे त्याच्या पोराचं, कृष्णराजचं. खेळ खेळायला घेतलेलं, हैदराबादला नोकरीवर जाताना इथंच सोडून गेला. आतनं रंगीत दिवे लागतेत म्हणे. माझं जुनं खटारं. म्हणजे इथंबी त्याला बागायत आणि मला मुरमाड.

११ नोव्हेंबर

सकाळपासनं समोर बसून राहिलो. पडदा काळा होऊ नये म्हणून अधनंमधनं माउस हलवत होतो. खिडकीत नुसतं 'थांबलंय, थांबलंय'. अरे, कशासाठी थांबलंय? मुहूर्त बघायलाय का?

मथुरा म्हणती, "अंड्यावर बसल्यागत काय बसलाव?" उठलो. बटण बंद केलं आणि जेवायला गेलो.

१४ नोव्हेंबर

आज कहर! मला दिलेल्या तुकड्याची मुदत संपली म्हणून तो दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकला. आख्खी नोकरी वीज मंडळात काढली, मुदतीत बिल न भरणाऱ्यांची कनेक्शनं तोडली, आणि आता माझंच तोडायलेत!

मथुरा म्हणाली, प्रतीक्षाला फोन करा की. करतो आणि काय सांगू? मला जमंना म्हणून? ती तारामतीला सांगणार, तारामती पलीकडं सांगणार. त्यापेक्षा मेलेलं बरं.

१९ नोव्हेंबर

दिवसभर लाईट न्हाय. पलीकडं इन्व्हर्टर हाय.

२३ नोव्हेंबर

सगळं काढलं, परत चढवलं. परत चढवलं तेव्हा नाव चुकलं. नाव दुरुस्त केलं तर पासवर्ड विसरलो. पासवर्ड सापडला, परत तेच सेटिंग निवडलं, आणि परत 'थांबलंय'! एवढ्या मोठ्यानं शिवी हासडली की मथुरा कणकेच्या हातानं पळत आली.

म्हणाली, "थोरल्या जाऊबाई विचारत होत्या, भाऊजींना झालंय तरी काय."

"मग तू काय सांगितलंस?"

"खरं तेच. पॉइंट पडंनात म्हणून घास गोड लागंना."

झालं! ह्या दोघींचं भिंतीवरनं रोज चालूच असतंय, चटण्या काय, पापड काय. भांडण फक्त आम्हा दोघांचं.

कोणाला सांगणार न्हाय, इथंच लिहितो. मला एकदा त्याच्या पुढं जायचंय. बास. शाळेत मी त्याच्या मागं, नोकरीत मागं. आईनंबी शेवटचं पाणी त्याच्याच हातनं पिलं, मी नळदुर्गहून येईपर्यंत सगळं आटपलं होतं. एकदा, कशात का असंना, पुढं जायचंय.

२७ नोव्हेंबर

पडले! पॉइंट पडले!! वैजनाथच्या पुढं आकडा आला. चष्मा पुसून परत बघितला. हाय!

खिडकीत अजून 'थांबलंय'च लिहून येतंय. येऊ दे. त्यालाच कळंना ते काय करायलंय.

३ डिसेंबर

रोज वाढायलेत, भराभर. मनानं घेतलं की माणूस काय करंल सांगता येत न्हाय. मथुराला आकडा दाखवला. म्हणाली, "बरं झालं. आता दळण आणा."

१२ डिसेंबर

गेलो पुढं! रामलिंग खाली, वैजनाथ वर. त्याचा आकडा तर पार जागेवर बसलाय. संपलं वाटतं रंगीत दिव्यांचं कौतुक! संध्याकाळी अंगणात मुद्दाम मोठ्यानं गाणं म्हणलं.



२१ डिसेंबर

त्याचा आकडा हलंनाच झालाय. मागंच बंद पडलंय ते. बिघडलं असंल. का माणूसच आजारी हाय? बीपीच्या गोळ्या तर चालू हायत त्याला. तुझ्या जाऊबाई काही बोलल्या का, म्हणून मथुराला विचारलं. म्हणाली, "भिंत हाय, समुद्र न्हाय. जाऊन बघा." मी कशाला जाऊ?

दुपारी खोकल्याचा आवाज आला. त्याचाच. बरं वाटलं, लिहून ठेवतो.

पण मग मशीन का बंद? जिंकल्यासारखं वाटंना. सारखं पान उघडतो आणि माझ्याआधी त्याचाच आकडा बघतो. डोक्याला नुसता वैताग!

२८ डिसेंबर

राहवलं न्हाय. प्रतीक्षाला फोन केला. म्हणलं, टीममधलं दुसरं मशीन बंद पडलंय का, बघ. दुसरं म्हणजे कुठलं, म्हणाली. मुद्दाम विचारती! "तुझ्या मोठ्या मामाचं," म्हणलं. मग तिनं माझीच उलटतपासणी सुरू केली. सेटिंग काय ठेवलंय, कवा बसताव, उठताना काय करताव. उठताना काय करणार? बटण बंद करतो. मोकळी वस्तू चालू ठेवायची सवय न्हाय मला.

बघून सांगते, म्हणाली.

३० डिसेंबर, येळवस (वेळ अमावस्या)

सकाळी प्रतीक्षाचा फोन.

"मामा, तुमच्या मशीननं अजून एकबी तुकडा पुरा केलेला न्हाय. तुम्ही समोर बसलाव की ते थांबतंय, आणि उठलाव की तुम्ही बंदच करून टाकताव."

मग पॉइंट कोणाचे?

"मोठ्या मामांनी मागंच विचारलं होतं, मशीनवरचं नाव कसं बदलायचं. त्यांच्या मशीनवर तुमचं नाव टाकलंय त्यांनी. तुम्हाला सांगू नको म्हणले होते."

मथुरानं भज्जी, उंडे, आंबील सगळं भरून ठेवलंय, शेतात पूजेला निघायचंय. दोघांची रानं लागून हायत, कडब्याच्या दोन कोपी, मधी बांध. येळवशीला वाटसरूलाबी हाक मारून जेवू घालतेत, आणि मी इतकी वर्षं त्याच्या कोपीकडं पाठ करून जेवलो. आज भज्जी घेऊन बांध ओलांडणार हाय. काय बोलायचं ते मघापासनं जुळवायलोय. 'दादा'च्या पुढं काही सुचंना.