मागं कोणी थांबायचं

बाई, गेल्या हिवाळ्यात आमच्या कॉलेजात एक वाद झाला, आणि तो तुमच्यापुढे ठेवावा असं तेव्हापासून मनात आहे. तुम्ही गेलात तेव्हा आपल्याकडे फोन म्हणजे बसस्टँडवरच्या दुकानातला पिवळा डबा होता, म्हणून आधी थोडं समजावून सांगावं लागेल. मी आता लोणारला ज्युनिअर कॉलेजात खेळ शिकवते. पोरं मला मॅडम म्हणतात. मैदान आहे, खो-खोचे खांब आहेत, पण पोरांचा अर्धा जीव फोनमधल्या खेळात असतो. पाच जण पाच फोन घेऊन एका बाकावर बसतात. फोनच्या काचेत पडकी घरं, गवत, गल्ल्या दिसतात, आणि समोरून दुसऱ्या गावचे पाच जण येतात, तेही कुठंतरी असेच बाकावर बसलेले. एकमेकांवर गोळ्या झाडायच्या आणि आपली जागा राखायची. बुलढाण्याला त्याच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा निघाल्या, तेव्हा प्राचार्य म्हणाले की खेळ म्हटलं की तुमचंच खातं. ज्यात घाम येत नाही तो खेळ कसला, असं मी त्यांना सांगून पाहिलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि संघाचे कागद माझ्याच टेबलावर ठेवले.

मग मी दुपारच्या सुट्टीत पोरांच्या मागं उभी राहून बघायला लागले. पहिले काही दिवस नुसता गोंधळ. मग हळूहळू दिसायला लागलं की प्रत्येकाचं काम वेगळं आहे. एक दूरवर दडून बसतो, लांब पल्ल्याच्या बंदुकीतून एकच गोळी मारतो, त्याला स्नायपर म्हणतात. एक मोठी ढाल घेऊन सगळ्यांच्या पुढं चालतो, मार खातो, त्याला आमची पोरं नुसतं 'ढाल' म्हणतात. एक सरळ आत घुसून शत्रूची जागा बघून येतो, तो घुश्या. एक रायफलवाला. आणि पाचवा मेडिक. त्यानं मागं राहून जखमी झालेल्याला औषध द्यायचं, पडलेल्याला उठवायचं. मेडिकजवळ बंदूक असते, पण नावालाच. आमच्या संघात चार पोरं होती आणि एक पोरगी. मेडिक कोण होतं ते तुम्ही ओळखलंच असेल.

पोरगी जवळच्या खेड्यातून एसटीनं यायची. बोलणं कमी, पण खेळताना डोळे काचेवरून हलायचे नाहीत. ती संघात आली तेव्हा बाकीच्या चारही जागा वाटून झाल्या होत्या, म्हणून ती मेडिक झाली आणि मेडिकच राहिली. एका दुपारी सरावाचा सामना वाईट हरले. रायफलवाला फोन बाकावर आपटून तिला म्हणाला की तुह्यामुळं मेलो. मग पोरांमध्येच जुंपली, सगळ्यात जास्त कसब कोणाच्या कामाला लागतं यावरून. स्नायपरचं म्हणणं की त्याचंच, केसाएवढा हात हलला तर गोळी वाया. घुश्या म्हणाला की तू तर झाडामागं झोपून असतो, जीव मुठीत धरून आत मी जातो. ढालवाला म्हणाला की मी कुठं उभा राहतो यावर तुम्हा सगळ्यांचं जगणं आहे. एका गोष्टीवर मात्र चौघांचं एकमत होतं. मेडिकला काय लागते, मागं राहून दवाई देयाची. पोरगी तिथंच बसून हे ऐकत होती. दुसऱ्या दिवशी ती माझ्या खोलीत आली आणि म्हणाली की तिला बंदूक पाहिजे, नाहीतर ती संघ सोडते.

बाई, त्या क्षणी मला तुमचं स्वयंपाकघर आठवलं. मी नववीत आहे, सगळ्या शाळेत माझ्याएवढं कोणी पळत नाही, आणि सरावात मी खो द्यायलाच तयार नाही. समोरची पोरगी मीच बाद करणार म्हणून तिच्यामागं एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत फेऱ्या मारते आहे, आठ जणी मधल्या ओळीत उकिडव्या बसून माझ्याकडं बघताहेत. तुम्ही शिट्टी वाजवून मला बाहेर काढलंत आणि सगळ्यांसमोर झापलंत. संध्याकाळी मी रुसून घरी निघाले तर तुम्ही मला तुमच्या घरी नेलंत. तुम्ही शेंगदाणे भाजत होतात. शाळेत तुम्ही पुस्तकातलं शुद्ध मराठी बोलायचात, चुलीपाशी आलं की आमच्यासारखं. कढईतून नजर न काढता माझ्या पळण्याबद्दल तुम्ही म्हणालात, "पयनं काय, कोनालेबी येते. खो कवा द्याचा, थे पाह्यनं शीक. बसलेलीले उठवनं हेच मोठं काम हाय." मग गरम शेंगदाणे माझ्या ओंजळीत टाकलेत, हात भाजला तरी मी हलवला नाही. त्या वर्षी मी खो द्यायला शिकले. आजवर मी जे काही शिकवते, त्यातलं बरंचसं त्या संध्याकाळचं आहे.

म्हणून मी त्या पोरीला समोर बसवून तेच सांगितलं. म्हटलं, मी इतके दिवस बघते आहे, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त कसब तुझ्याच कामाला लागतं. स्नायपरला एक माणूस बघायचा असतो, तुला चार. कोणाला आता उचलायचं, कोणाला थोडा वेळ तसाच ठेवायचा, कोणाकडं धावत गेलं तर आपणच मरू, हे सगळं तुला डोळ्याची पापणी लवायच्या आत ठरवावं लागतं. नेम सरावानं येतो, हे नुसत्या सरावानं येत नाही. मी मनापासून बोलत होते, आणि आजही त्यातला एक शब्द मला खोटा वाटत नाही. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "मॅडम, इतकं अवघड आहे तर मंग आळीपाळीनं सगळ्याइनंच कराव ना. दरवेळेस माह्याच वाट्याले काऊन?"

तिच्या आवाजात राग नव्हता, खरोखर विचारत होती. उद्या बघू म्हणून मी तिला पाठवून दिलं. पण घरी चालत जाताना माझ्या डोळ्यांसमोर दुसरंच काही यायला लागलं. आपण जिल्ह्यात जिंकलो आणि विभागाच्या सामन्यांना अमरावतीला निघालो, ती सकाळ. आपल्या सोनाळ्याच्या फाट्यावर एसटी उभी आहे. तुम्ही खिडकीतून एकेकीच्या हातात डबे देता आहात, कोणाच्या गुडघ्याला कोणती पट्टी बांधायची ते मला सांगता आहात, लिंबाचं पाणी कोणत्या बाटलीत आहे ते सांगता आहात. संघाबरोबर खेळाचे सर निघालेले, कागदावर मार्गदर्शक तेच होते. तुम्ही तर हिंदी शिकवायचात, खो-खो संध्याकाळी स्वतःच्या वेळात घ्यायचात. गावातली चार माणसं निरोपाला आली होती. त्यातलं कोणीतरी म्हणालं की पोरींचं इतकं कोण करते हो, बाईंचं काम सगळ्यात मोठं. सगळ्यांनी माना हलवल्या. सर गाडीत चढले, गाडी निघाली, आणि तुम्ही फाट्यावर रिकामी पिशवी घडी करत उभ्या राहिलात. तेव्हा मला त्यात काहीच खटकलं नव्हतं. पंधरा वर्षांची पोर मी, खिडकीची जागा मिळाल्याच्या आनंदात.

दुसऱ्या दिवशी मी पोरांना सांगितलं की आजपासून रोज कामं बदलतील. चौघांनी तोंडं वाकडी केली. स्पर्धा तोंडावर आली आहे, अशानं नाक कापलं जाईल, असं रायफलवाल्यानं दोनदा सांगितलं. पहिल्याच दिवशी त्याला मेडिक केलं. तो औषधाची पेटी पाठीवर घेऊन सगळ्यांच्या पुढं धावला आणि सगळ्यात आधी मेला. दुसऱ्यांदा मागं थांबला, पण तिघं तीन दिशांनी हाका मारायला लागल्यावर मधेच गोंधळून उभा राहिला. त्याला वाटायचं की ही पोरगी उशीर करते. आता त्याच्या लक्षात आलं की उशीर होतोच, फक्त कोणाच्या बाबतीत होऊ द्यायचा ते निवडायचं असतं. स्नायपर ढाल झाला तर त्याला कोणाच्या पुढं उभं राहावं हेच कळेना.

पोरीनं बंदूक हातात घेतल्यावर ती सगळ्यांत भारी निघाली, असं मला लिहायला आवडलं असतं. तसं झालं नाही. स्नायपर म्हणून ती फार वाईट होती. पोरं हसायची, ती पुन्हा नेम धरायची, पुन्हा चुकायची. आठवडा झाला तरी हात बसला नाही, आणि तिनं स्वतःच सांगितलं की हे माह्याच्यानं होत नाही. पण तेही तिनं करून बघून सांगितलं, दुसऱ्या कोणी तिच्यासाठी ठरवलं नाही. मग एक दिवस ढाल तिच्याकडं आली. आणि बाई, त्या दिवशी मी माझी चहाची वेळ विसरले. इतके महिने मागं राहून तिनं चौघांना पडताना पाहिलं होतं. कोण कुठल्या वळणावर बेसावध असतो, मेडिकला वाकायला किती जागा लागते, हे तिला पाठ होतं. ती अशी उभी राहायची की मागच्याला आडोसा शोधावाच लागू नये. ढालवाल्या पोरानं स्वतःहून तिच्या हाती ढाल दिली आणि आपण रायफल मागून घेतली. रायफलवाला मेडिकच राहतो म्हणाला. का, ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

बुलढाण्याला आम्ही पहिला सामना जिंकलो आणि दुसऱ्यात हरलो. हरलो तेही नीट हरलो. शेवटी ती आणि तो मेडिक दोघंच उरले होते. ती दारात ढाल रोवून उभी, तो तिच्या मागं वाकून तिसऱ्याला उठवायच्या खटपटीत. तिसरा उठायच्या आत वेळ संपली. दुसऱ्या कॉलेजची पोरं ओरडत होती आणि आमची पाच जणं फोनकडं बघत बसली होती. मी प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवला. खो देताना ठेवतात तसा, असं नंतर वाटलं.

परतीच्या गाडीत पुन्हा तोच वाद निघाला, कोणाचं काम सगळ्यात कसबाचं. या वेळी कोणी आवाज चढवला नाही. प्रत्येकानं सगळ्या जागा करून पाहिल्या होत्या, त्यामुळे जो तो बोलायच्या आधी थोडा थांबत होता. स्नायपर म्हणाला की ढालच. पोरगी म्हणाली की स्नायपर, आपल्याले तर जमलं नाही बा. मेहकरच्या अलीकडं गाडी थांबली तेव्हा रायफलवाला, म्हणजे आताचा मेडिक, तिला म्हणाला, "मागून मले सगळे दिसत होते बे. मी कोनालेच दिसत नव्हतो." ती मान डोलावून "हाव" म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

मला विचाराल तर मी अजूनही मेडिकच म्हणेन. नेम चुकला की सगळ्यांना दिसतो, साधला की टाळ्या पडतात. ढाल कुठं ठेवायची हे अकलेचं काम आहे, पण ढाल निदान डोळ्यांसमोर असते. मेडिकनं सगळं बरोबर केलं की काहीच घडत नाही, फक्त चार माणसं जिवंत असतात, आणि त्यांना वाटतं की आपण आपल्या हिमतीवर जगलो. यापेक्षा अवघड काम मला त्या खेळात दिसलं नाही. पण आता हे मी कोणाला सांगायच्या आधी बघते, की ज्याला सांगते आहे त्याच्यापुढं दुसऱ्या जागा उघड्या आहेत की नाहीत. मोठं काम आहे असं म्हणून आपण माणसाला तिथंच बसवून तर ठेवत नाही ना.

बाई, तुम्हाला अमरावतीला यायचं होतं का? मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसायचं, पंचांशी भांडायचं, डाव बदलायचा, शिट्टी गळ्यात घालून फोटोत उभं राहायचं, असं कधी मनात आलं होतं का? की तुम्हाला खरंच फाट्यापर्यंतच यायचं होतं? दोन्ही असू शकतं. तुम्ही आम्हाला रागावलात, शेंगदाणे दिलेत, धावणं आणि थांबणं शिकवलंत, पण तुम्हाला स्वतःला काय हवं होतं, हे आमच्यातल्या एकीनंही कधी विचारलं नाही. आम्हाला ते सुचण्याचं वय नव्हतं. वय झालं तेव्हा मी अमरावतीलाच शिकत होते, आणि तुम्ही गेल्याचं मला मेसमध्ये जेवताना कळलं.

हे कुठं पाठवायचं नाहीच. तुमच्या घरात आता दुसरं बिऱ्हाड राहतं, असं ऐकलं. म्हणून एक गोष्ट सांगून टाकते, तुमच्याशिवाय ती कोणाला सांगण्यासारखी नाही. वर तुमचं बोलणं मी लिहिलं आहे ना, ते लिहिताना कानात तुमचा आवाज येईल म्हणून मी बराच वेळ थांबले. तुमचा चेहरा येतो, हात येतात, कपाळावरचा घाम येतो. आवाज येत नाही. तुमची वाक्यं मी इतकी वर्षं इतक्या पोरांना सांगितली, की ती आता मला माझ्याच आवाजात ऐकू येतात.