आदल्या संध्याकाळची तालीम आणि एकवीस अक्षरं

१२ ऑगस्ट
आज कळलं, हिच्या सगळ्या खात्यांना एकच पासवर्ड. कुत्र्याचं नाव आणि १२३४! अर्धा तास समजावलं. बॉयलर दुरुस्ती असो की कॉम्प्युटर, मी कुठलाही क्लास न लावता शिकलोय, म्हणून पाया पक्का आहे. संकल्प: घरातली चौदाही खाती मी सुरक्षित करणार.
ही म्हणाली, आधी चुसोकच्या सणाला गावी जायच्या रेल्वे तिकिटांचं बघा. बुकिंग २२ तारखेला सकाळी सातला उघडतं, दहा मिनिटांत गाड्या भरतात. गावी, येओसूला, आईला येतो म्हणून कळवलंय. गेल्या सणाला कारने गेलो, अकरा तास लागले. त्यातले नऊ तास ही बोलली नाही.

१४ ऑगस्ट
पद्धत सापडली. कॉम्प्युटरच्या प्रत्येक बटणावर इंग्रजी आणि आपलं कोरियन, दोन्ही अक्षरं असतात. कीबोर्ड इंग्रजीवर ठेवायचा आणि बोटांनी आपलं वाक्य मारायचं. पडद्यावर असा काला उमटतो की मलाही वाचता येत नाही. एकवीस अक्षरांचा पासवर्ड. कुठेही लिहून ठेवलेला नाही.
हिला सांगितला नाही. सुरक्षितता म्हणजे सुरक्षितता. ही म्हणाली, मग तिकिटंही तुम्हीच काढा. अर्थात मीच काढणार.

१७ ऑगस्ट
शेजारच्या न्हाव्याला, दो-सिकला, पद्धत शिकवली. तो म्हणाला, दादा, माझा पासवर्ड आरशावरच चिकटवलाय. आजवर चोरीला गेले ते फक्त कंगवे. त्याला पुन्हा पहिल्यापासून समजावलं.

२१ ऑगस्ट, संध्याकाळ
तालीम. सहा वेळा लॉगिन, सरासरी नऊ सेकंद. हिचं रेल्वेचं खातं कच्च्या पासवर्डचं, म्हणून खबरदारी घेऊन बंद केलं. ही काहीच बोलली नाही. मी होकार धरला.

२२ ऑगस्ट, ६:५४
कॉम्प्युटर म्हणतो, नवा सुरक्षा प्रोग्राम बसवतोय, बंद करू नका. तो आपोआप बसावा, ही सोय मीच केली होती. दूरदृष्टी.

६:५९
बारा टक्के. फोन घेतला. फोनच्या इंग्रजी बटणांवर आपली अक्षरंच नाहीत, आणि कॉम्प्युटरच्या बटणांवरची वापरून पुसली गेलीत! कुठलं कुठे हे बोटांना माहीत आहे, मला नाही. फोन टेबलावर आडवा ठेवून दहा बोटांनी पासवर्ड मारून पाहिला. चुकीचा.

७:०३
चौथ्यांदा चुकीचा. ही मागे उभी राहून विचारते, हुशारी दाखवून झाली असेल तर पासवर्ड सांगता का? सांगितला असता. वाक्य पाठ आहे, बटणं नाहीत.

७:०४
पाचव्यांदा. 'आपल्या सुरक्षिततेसाठी खातं बंद केलं आहे.' यंत्रणा उत्तम चालते, एवढं मान्य करायला हवं.

७:१५
कॉम्प्युटर सुरू झाला. गाड्या भरल्या.

२३ ऑगस्ट
आईला फोन केला. वेबसाइट बिघडली असं सांगणार होतो. तिने बोलूच दिलं नाही. म्हणाली, अरे, म्हाताऱ्यांसाठीचं वेगळं बुकिंग परवाच झालं, मीच तुमच्याकडे येण्याचं तिकीट काढून ठेवलंय. सणाला सगळे खाली गावाकडे येतात, वर शहराकडे जाणारी गाडी रिकामीच असते. तुझ्या भरवशावर राहिले असते तर सण फोनवरच केला असता.
स्वतः काढलं? फोनवरून? पासवर्ड?
सोपा आहे, म्हणाली, माझा वाढदिवस.
मी ओरडलोच. वाढदिवस कुणीही ओळखतं!
ती म्हणाली, ओळखून दाखव.
फोन ठेवल्यावर, निव्वळ सुरक्षा तपासणी म्हणून, तिच्या रेल्वेच्या खात्यात तिचा वाढदिवस टाकून पाहिला. चुकीचा. तिने जुन्या चांद्र पंचांगाची तारीख धरली असणार. तीही टाकली. चुकीचा. एक दिवस मागे, एक दिवस पुढे. चुकीचा, चुकीचा.
पाचव्यांदा टाकणार, एवढ्यात हिने फोन काढून घेतला. म्हणाली, पुरे. आता त्यांचं तिकीटही घालवाल.